देश निवडा

सकाळचे सव्वानऊ वाजले, की बोरखेडीचं अर्धं गाव रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहायचं. घरं सगळी उत्तरेला. शाळा, दवाखाना आणि पाण्याची टाकी दक्षिणेला. मधून चौपदरी मालमार्ग. त्यावरून बिनचालकी ट्रक एकामागून एक, ताशी ऐंशीच्या वेगानं, हॉर्न न वाजवता जात. कडेच्या खांबावर घंटा वाजली, की दोन ट्रकांच्या मध्ये अकरा सेकंदांची फट मिळाली असं समजायचं. मग बायका पदर खोचून, म्हातारे काठी काखेत मारून आणि शाळेतली पोरं दप्तरं छातीशी धरून धावत सुटायची. पाच वर्षांत गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की नवीन सून गावात आली की सासू तिला देवघर दाखवायच्या आधी रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवी.

नलिनी बोरसे त्या खांबांची देखभाल करायची. त्यांना वेगखांब म्हणत. दर सव्वा किलोमीटरला एक, असे एकतीस खांब तिच्या वाट्याला होते. ट्रकनं किती वेगानं जायचं ते खांब सांगायचा आणि ट्रक ते निमूट ऐकायचा. पूर्वी हे काम उपग्रह करत. पण मधल्या लढाईच्या वर्षांत उपग्रहांचे संदेश कुणीही बिघडवू लागलं, ट्रक भलतीकडेच भरकटू लागले. तेव्हा जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवलं, की आकाशातून आलेल्या संदेशावर विसंबायचं नाही. जमिनीत रोवलेला खांब सांगेल तेच खरं. आणि खांबातला मजकूरही दुरून बदलता येणार नाही, किल्ली असलेल्या माणसानं खांबापाशी जाऊनच तो बदलायचा. नलिनीकडे अशी एक किल्ली होती. करंगळीएवढी, काळी, गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेली.

दोन महिन्यांपूर्वी तिची जाऊ इंदू त्या रस्त्यावर गेली. गुडघे दुखत होते म्हणून दवाखान्यात जाऊन परत येत होती. घंटा झाली, ती निघाली, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. अकरा सेकंद संपले तेव्हा ती तिसऱ्या पदरात होती. वळणावरून आलेल्या ट्रकला ती दिसली, त्यानं त्याच क्षणी ब्रेक लावला. माणूस चालक असता तर दचकण्यात एखादा सेकंद गेला असता. यंत्राचा तोही गेला नाही. तरी भरलेल्या ट्रकला ऐंशीच्या वेगातून थांबायला एकोणपन्नास मीटर लागतात, आणि इंदू पस्तीस मीटरवर होती.

मालमार्ग मंडळाचा अहवाल आठ दिवसांत आला. इंदूचा नवरा, नलिनीचा दीर दशरथ याला तो वाचता येईना, म्हणजे अक्षरं दिसत होती पण पुढे जाववत नव्हतं. नलिनीनं मोठ्यानं वाचून दाखवला. ‘वाहनाने मर्यादेचे उल्लंघन केलेले नाही. पादचाऱ्याने उपलब्ध कालावधीपेक्षा अधिक वेळ घेतला.’

“म्हणजे चूक इंदूची?” दशरथनं विचारलं.

“तसंच लिहिलंय, भाऊजी.”

दशरथचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. बिनचालकी ट्रक आल्यापासून तिथे कुणी थांबत नव्हतं, तरी तो रोज दुकान उघडायचा. त्या दिवसापासून त्यानं दुकानाचं तोंडच फिरवलं. पाठ रस्त्याकडे करून बसू लागला.

त्यानंतरच्या एका दुपारी गावाच्या पश्चिमेचा खांब बंद पडला. वीज पडून आतली सर्किटची पाटी जळाली होती. नलिनी शिडी लावून वर चढली, जळकी पाटी काढली, नवी बसवली. ही पाटी परदेशात बनायची आणि जगभर तीच जायची. तिनं किल्ली लावली तशी छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘देश निवडा.’

अशी नवी पाटी तिनं यापूर्वी कधी बसवली नव्हती. तिनं भारत निवडला. खाली तक्ता आला : वस्तीतून जाणारा मालमार्ग, वेगमर्यादा ऐंशी. ती पुढे जाणार, तेवढ्यात तिचं बोट थबकलं. ती मागे आली आणि नुसतं बघायचं म्हणून नेदरलँड्स निवडला. तोच ट्रक, तेच वजन, तसाच रस्ता, तशीच वस्ती. वेगमर्यादा तीस.

तिनं जपान निवडून पाहिला. तीस. नॉर्वे. तीस. मग तिनं आफ्रिकेतले दोन देश पाहिले. पंच्याऐंशी. नव्वद.

तक्त्याच्या तळाशी एक दुवा होता, मर्यादा कशी काढली ते सांगणारा. तिनं तो उघडला. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेलं गणित तिथं पुरेसं होतं. एका बाजूला मालाला होणारा उशीर, दुसऱ्या बाजूला वर्षभरात मरू शकतील अशी माणसं. दोन्ही पारडी सारखी होतील तो वेग. मात्र माणसांच्या पारड्यात माणसं जशीच्या तशी घातलेली नव्हती. त्यांना आधी एका आकड्यानं गुणलेलं होतं. त्या रकान्याचं नाव होतं ‘जीवगुणक’. नेदरलँड्सपुढे एक लिहिलं होतं. भारतापुढे शून्य पूर्णांक अकरा शतांश.

नलिनीनं तो आकडा पुन्हा वाचला. खालून ट्रक जात होते, शिडी थरथरत होती. नऊ इंदू मेल्या असत्या, तेव्हा कुठं तिकडची एक बाई मेल्यासारखं झालं असतं. तिनं मनातल्या मनात तीसचा हिशेब केला. तीसच्या वेगात ट्रक सात मीटरवर थांबतो. इंदूला घरी यायला गुडघे बरे असण्याचीही गरज नव्हती.

तिनं पुन्हा यादी उघडली, नेदरलँड्स निवडला आणि किल्ली फिरवली. मग गावाच्या पूर्वेच्या खांबाकडे चालत गेली आणि तिथंही तेच केलं.

पहिला ट्रक वळणावर आला आणि अंग चोरल्यासारखा हळू झाला. त्याच्यामागचा झाला, त्याच्यामागचाही झाला. शाळा सुटायची वेळ होती. लोक नेहमीसारखे कडेला घंटेची वाट बघत उभे होते. घंटा काही वाजेना. ट्रक मात्र समोर येऊन चक्क उभा राहिला आणि आतून एका बाईच्या गोड आवाजात म्हणाला, “यू कुंट ओव्हरस्टेकन.”

सगळे दोन पावलं मागे सरले.

“शिव्या देतंय का काय?” कुणीतरी म्हणालं.

नलिनी धापा टाकत आली. “नाही. तुम्ही रस्ता ओलांडा, असं म्हणतंय. डच भाषा आहे ती, अर्थ खांबाच्या पडद्यावर वाचला मी. तिकडे पायी माणसाचा मान पहिला असतो.”

तरी कुणी हलेना. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कुणी चाललं नव्हतं, सगळे धावलेच होते. शेवटी हौसाबाई नावाची ऐंशीच्या घरातली म्हातारी पुढे झाली. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ती निघाली. मधोमध जाऊन थांबली, ट्रकच्या तोंडाकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा चालू लागली. ट्रक उभाच होता. पलीकडे पोहोचल्यावर ती परत वळली आणि ओरडली, “अरे, या की! काही करत नाही ते!”

दुसऱ्या दिवशी गावानं चुना कालवून रस्त्यावर पांढरे पट्टे ओढले. दशरथनं दुकानाचं तोंड पुन्हा रस्त्याकडे केलं. तो नलिनीला म्हणाला, “वहिनी, हे कळलं तर तुमची नोकरी जाईल.”

“जाईल ना.”

“आणि तुरुंग?”

“तोही होईल कदाचित. भाऊजी, मी नुसता रकाना बदललाय. ज्यानं तो रकाना आखला त्याला कुणी काही विचारलंय का?”

मंडळाला कळायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी अधिकारी तन्मय वैद्य आले. तिशीतले, हुशार, बोलायला मऊ. खांबाखाली येऊन पाहतात तर भोवती वीस-बावीस बायका मेथी निवडत बसलेल्या. नलिनी त्यांच्यातच होती.

“बोरसेबाई, प्रत्येक ट्रकला पावणेदोन मिनिटं उशीर होतोय,” वैद्य म्हणाले. “दिवसाला चार हजार ट्रक. गुणाकार करा.”

“केला साहेब. पण ते पुढे बंदरात जाऊन जहाजासाठी सहा-सहा तास उभे राहतात. ते कशानं गुणायचं?”

वैद्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. “हा आंतरराष्ट्रीय करार आहे. हे गाव भारतात आहे, हॉलंडमध्ये नाही. तुम्ही खांबात खोटं लिहिलंत.”

“हो, लिहिलं. आता तुम्ही मला खरं सांगा. इथल्या माणसाचं हाड तिकडच्यापेक्षा मऊ असतं का? का इकडच्या ट्रकचं लोखंड हलकं असतं?”

“तसं नाही. देशाच्या परिस्थितीप्रमाणे गुणक ठरतो. गरीब देशाला उशीर परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

“मरण परवडतं?” मेथी निवडणारी एक बाई खाली मान घालूनच म्हणाली.

वैद्यांनी आवाज आणखी खाली आणला. त्यांनी सांगितलं की मंडळाला प्रकरण वाढवायचं नाही. नलिनीनं खांब पूर्ववत करावेत, चूक झाली असं लिहून द्यावं; मंडळ खटला घालणार नाही आणि तीन वर्षांत गावाला भुयारी वाट बांधून देईल.

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत घंटा आहेच. आम्ही फट तेरा सेकंदांची करू.”

नलिनी उठली. हाताला लागलेली पानं झटकली. “साहेब, माझ्या जावेला अजून नऊ सेकंद हवे होते. तुम्ही दोन देताय. मी लिहून देणार नाही. आणि खांब उपटायचा असेल तर या बायकांना उठवा. मी उठवणार नाही.”

वैद्यांनी त्यांना उठवलं नाही. परत जाताना ते गाडीपाशी थांबले. पट्ट्यांवरून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन, दुसऱ्या बाईशी गप्पा मारत रस्ता ओलांडत होती. दोघींनी ट्रककडे पाहिलंसुद्धा नाही. वैद्य ते बघत राहिले आणि मग निघून गेले.

नोटीस आठवड्याभरात आली. नोकरी त्याच दिवशी संपली आणि महिन्याच्या शेवटी जिल्ह्याच्या गावी सुनावणी लागली.

सुनावणीची खोली लहान होती. समोर न्यायाधिकरणाचे तिघे बसले होते. मधल्या वयस्क बाई अध्यक्ष होत्या. त्यांचं नाव मृणालिनी सबनीस. त्यांनी आरोप वाचला : मार्गयंत्रणेत हेतुपुरस्सर खोटी नोंद.

“मान्य आहे?”

“मान्य आहे,” नलिनी म्हणाली.

खोलीत थोडी चुळबुळ झाली. तिच्या बाजूनं कुणी वकील नव्हता. मागच्या बाकावर दशरथ आणि हौसाबाई बसले होते. साक्षीदार म्हणून वैद्यांना बोलावलं गेलं. त्यांनी खांब कुठला, किल्ली कुणाची, सगळं नीट सांगितलं. मग खिशातून एक कागद काढला आणि म्हणाले, “मला आणखी एक नोंद करायची आहे. बोरखेडीत वेग कमी झाल्यापासून त्या मार्गावरच्या एकाही ट्रकचं बंदरातलं जहाज चुकलं नाही. एकाचंही नाही. उशीर गणितात होता, प्रत्यक्षात तो कुणाला झालाच नाही.”

शेजारी बसलेल्या मंडळाच्या वकिलानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की वैद्य पाणी प्यायला उठले.

सबनीसबाईंनी चष्मा काढला. “बोरसेबाई, ही नोंद मी घेते. पण यंत्रणा विश्वासावर चालते. प्रत्येकानं मनाला येईल तो देश लिहिला तर रस्ते चालणार कसे? तुमची किल्ली जमा करा, खांब पूर्ववत होऊ द्या. शिक्षेचं मी सौम्यपणे बघेन.”

नलिनीनं गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली टेबलावर ठेवली. “ही घ्या. पण आता हिच्यात काही उरलेलं नाही.”

“म्हणजे?”

“मी काय केलं ते देखभालवाल्या सगळ्यांना लिहून पाठवलंय. आमची संघटना आहे. काल रात्रीपर्यंत दोनशे बारा गावांनी रकाना बदलला. काहींनी जपान लिहिलंय, काहींनी नॉर्वे. आमच्यासारख्याच लोकांनी. प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली आहे, प्रत्येकाच्या रस्त्यावर कुणीतरी गेलेलं आहे.”

मंडळाचा वकील उभाच राहिला. “हे बंड आहे! एवढी गावं नकाशावर परदेश करून टाकलीत तुम्ही!”

सबनीसबाईंनी हातानं त्याला बसायला सांगितलं. त्या नलिनीकडे रोखून बघत होत्या. “तुम्हाला नेमकं काय हवंय?”

मागे हौसाबाईंची काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

“मला परदेश नकोय, बाई,” नलिनी म्हणाली. “माझं गाव माझ्याच देशात राहू दे. त्या रकान्यात भारत लिहिला तरी तीस यायला हवेत, एवढंच. तुम्हीच सांगा, आणखी किती गावं परदेशी झाली, म्हणजे तुम्ही आम्हाला देशात घ्याल?”