हिमालयामागची मेथी

"हिमालय आजवर कुणाच्या सांगण्यावरून हललेला नाही आणि यापुढेही हलणार नाही," असं शामरावांनी जाहीर केलं.

हा हिमालय प्लायवूडचा होता. यंदाच्या गणपतीत चाळीच्या मंडळानं तो देखावा म्हणून उभारला आणि विसर्जनानंतर तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत मधोमध आडवा लावून ठेवला. एका शिखराचा रंग उडाला होता आणि कैलासाच्या पायथ्याशी मांजर व्यायली होती. शामराव मंडळाचे अध्यक्ष. खोलीची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

"काका, जरासा सरकवा ना," दुर्गा म्हणाली. "आम्हाला दिवाळीचा किल्ला बांधायला जागा होईल."

"हिमालय हटवून किल्ला? शाळेत हेच शिकवतात?"

"शाळेला सुट्टी आहे," चाळीतलाच, तिच्या वर्गातला लहू म्हणाला.

सुट्टी तशी गिरणगावात सगळ्यांनाच होती. १९८२च्या जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता आणि भोंगे गप्प होते. लालबागच्या त्या चाळीतल्या मुलांची सुट्टी कधी संपणार ते कॅलेंडरवर छापलेलं होतं. बापांच्या सुट्टीची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

दुर्गाचे बाबा रामजी साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला होते. आता ते दिवसभर गॅलरीत बसून असत. घर आई चालवत होती. आई, म्हणजे मंजुळाबाई, आणि शेजारच्या पुतळाबाई दादरच्या बाजारातून पालेभाजी आणत आणि फुटपाथवर बसून विकत. संपाच्या दिवसांत गिऱ्हाईक मेथीकडे बघायचं, भाव विचारायचं आणि पुढं जायचं. उरलेल्या जुड्या मंडळाच्या खोलीत ओल्या गोणपाटावर ठेवल्या जात. दाराजवळची बाजू मंजुळाबाईंची. हिमालयामागची बाजू पुतळाबाईंची. ती जागा गार आणि अंधारी म्हणून त्यांनी भांडून मिळवली होती.

तेवढ्यात त्याच बाजूनं पुतळाबाई एक जुडी नाचवत बाहेर आल्या. मेथी हळदीला जाऊन आल्यासारखी पिवळी दिसत होती.

"बघा अध्यक्ष. एका गाडीतला माल, एका दिवशी आणलेला. हिची हिरवीगार आन् माझी ही अशी. मी वर चहा घेत बसते, तोवर ही खाली येऊन जुड्या बदलते."

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. "वहिनी, एका ताटात जेवलोय आपण," एवढंच त्या म्हणाल्या.

"पुन्हा असं झालं तर मंजुळाबाईंची भाजीची पाटी खोलीबाहेर," शामरावांनी निकाल दिला. चौकशीला त्यांना वेळ नव्हता. बाहेर पत्ते वाटून झाले होते.

संध्याकाळी दुर्गा स्टोव्हजवळ बसून आईबाबांचं बोलणं ऐकत होती. त्यांच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, तिथं भाजी कुठं ठेवणार?

"खोली गेली की धंदा गेला," आई म्हणाली. "मग दुर्गाला गावी पाठवू. भावोजींकडे दोन वेळचं तरी मिळेल."

"आणि शाळा?" बाबांनी विचारलं.

आई भांडी लावत राहिली. मांडणीवर जिथं तांब्याचा हंडा असायचा, तिथं नुसता गोल डाग उरला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली तिघांची बैठक बसली. तिसरी ललिता, पुतळाबाईंची मुलगी.

"आईनं दुर्गाशी बोलू नको म्हणून सांगितलंय," ललिता लहूला म्हणाली. "म्हणून मी तुझ्याशी बोलते. तिला ऐकायचं तर ऐकू दे."

"तिला सांग," दुर्गा लहूला म्हणाली, "माझी आई चोर नाही."

"मी काय टेलिफोन आहे?" लहू म्हणाला.

"तिला सांग, मलाही ते ठाऊक आहे," ललिता म्हणाली. "पण मग मेथी पिवळी करतं कोण?"

नव्या मालाच्या प्रत्येक जुडीला खूण करायची असं ठरलं.

"विणकराची गाठ मारू," लहू म्हणाला. "ती सोडून परत बांधणं कुणाच्या बापाला जमणार नाही."

"चाळीत निम्मे बाप विणकर आहेत, गाढवा," दुर्गा म्हणाली.

शेवटी देठांच्या आत दिसणार नाही असा धागा बांधायचा ठरला. पुतळाबाईंच्या जुड्यांना लाल, मंजुळाबाईंच्या जुड्यांना पांढरा.

दुर्गा गॅलरीत बसून जुन्या चिंध्यांतलं सूत उसवू लागली. ते सारखं तुटत होतं. रामजी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सूत हातात घेतलं आणि एकेक तुकडा सांधत गेले. गाठ इतकी बारीक, की बोटाला लागत नव्हती. कित्येक महिन्यांत त्यांचे हात असे चालले नव्हते. धागा कशाला हवाय ते त्यांनी विचारलं नाही. दुर्गालाही ते सांगवलं नाही.

मांजराची पिल्लं बघायची म्हणून लहूनं किल्ली मागितली. अध्यक्षांनी हातातल्या पत्त्यांवरून नजर न काढता ती त्याच्याकडे फेकली, आणि तिघांनी नव्या मालाच्या जुड्यांत धागे बांधले.

दोन-तीन दिवसांनी, आया खाली यायच्या आधीच, तिघं त्याच सबबीनं किल्ली घेऊन पुन्हा खोलीत शिरली. लाल धागे हिमालयामागं होते, पांढरे दाराशी. एकही जुडी इकडची तिकडं झाली नव्हती. तरीही लाल धाग्याच्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"म्हणजे चोर नाहीच," लहू हिरमुसून म्हणाला. त्यानं चोराला बांधायला दोरी आणली होती.

दुर्गा खाली वाकली. लाल धाग्याची एक जुडी घरंगळून हिमालयाच्या कडेबाहेर अर्धी आली होती. बाहेर आलेली पानं हिरवी होती, हिमालयामागं राहिलेली पिवळी. मधली सीमा प्लायवूडच्या कडेसारखी सरळ.

तिनं वर पाहिलं. दारावरच्या काचेतून पॅसेजमधल्या ट्यूबचा उजेड आत पडत होता. ती ट्यूब रात्रंदिवस जळायची, कारण तिचं बटण बिघडलं होतं. शामराव ते दुरुस्त करणार होते. गेल्या वर्षापासून करणार होते.

"उजेड," दुर्गा म्हणाली. "पान उजेडात अन्न तयार करतं. आपल्या पुस्तकात आहे."

"ते झाडावरचं पान. ही तोडलेली आहे," ललिता म्हणाली. लहूमार्फत बोलायचं ती विसरून गेली.

"तोडली म्हणून लगेच मरत नाही. थोडासा उजेड मिळाला तरी तग धरते. अंधारात मिळकत काहीच नाही, मग ती आपलंच हिरवेपण खात बसते..."

बोलता बोलता दुर्गा थांबली. मांडणीवरचा गोल डाग तिच्या डोळ्यांसमोर आला.

तोवर खाली आलेल्या पुतळाबाईंनी पुन्हा पिवळी मेथी पाहून गलका सुरू केला होता. शामरावांनी मंजुळाबाईंची पाटी उंबऱ्याबाहेर सरकवलीसुद्धा. दुर्गा ती जुडी घेऊन पुढं झाली.

"मावशी, ही कुणाची?"

"माझीच. पिवळी आहे म्हणजे माझीच असणार."

"आत लाल धागा आहे बघा. तुमच्या सगळ्या जुड्यांना ललितानं बांधलाय."

पुतळाबाईंनी ललिताकडे पाहिलं. ललितानं छताकडे पाहिलं.

"अर्धी हिरवी आहे, अर्धी पिवळी," दुर्गा म्हणाली. "मावशी, अर्धीच जुडी कोण कशाला बदलेल?"

पुतळाबाईंनी जुडी उलटसुलट केली. हिमालयाकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून उंबऱ्याबाहेरची पाटी उचलायला घेतली.

"मंजुळा, माझी जीभ म्हणजे..."

मंजुळाबाईंनी पाटीची दुसरी बाजू धरली. पाटी आत गेली.

"उजेडाचं ठीक आहे," शामराव म्हणाले, "पण हिमालय हलणार नाही."

"नकोच, काका," दुर्गा म्हणाली. "फक्त वाईट वाटतं. एवढा मोठा देखावा, आणि दारातून दिसते ती त्याची पाठ. पट्ट्या आणि खिळे. भिंतीला लावला असता, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं असतं, हा केला कुणी?"

शामरावांनी थोडा वेळ विचार केला.

"लहू," ते म्हणाले, "ते टोक धर."

मेथी काही अमर झाली नाही. पाणी शिंपडावंच लागायचं आणि पानं शेवटी मलूल व्हायचीच. पण आता दोघींची भाजी पिवळी पडायला उशीर लावू लागली, आणि तेवढ्या उशिरात गिऱ्हाईक यायचं. दुर्गाला गावी पाठवायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रामजींनी तिच्या पुस्तकांना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं घातली.

त्या दिवशी शामराव मंडळाची माणसं घेऊन फुटपाथवर आले आणि भाजीच्या पाट्यांसमोर उभे राहून बोलले.

"या तीन मुलांनी चाळीचं नाव काढलं. दुर्गाचं तर विशेष कौतुक. आणि हे शक्य झालं त्या ट्यूबमुळे, जिचं बटण मी दूरदृष्टीनं दुरुस्त केलं नाही."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुतळाबाईंनी दुर्गाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मागं उभे असलेले रामजी फक्त "शाबास" म्हणाले, आणि दुर्गाला पाटीतली भाजी एकदम धूसर दिसू लागली.

गर्दी पांगली. शामराव मात्र तिथंच घुटमळले. त्यांनी मेथीची एक जुडी पारखून पिशवीत टाकली, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दुर्गे, वर चार काड्या कोथिंबीर टाक ना."