पेन मागे येईना

चौकशीचा अधिकारी अकराला यायचा होता, म्हणून साडेदहाला मी पेचकस घेऊन रेकॉर्डरच्या तारा सोडायला गेलो. पाच मिनिटांचं काम. भिंतीवरचं ते काळं, काचेचं खोकं वीस वर्षं आमच्या वीजघरात होतं. आत चावीचं घड्याळ, कागदाची गुंडाळी आणि शाईचं पेन. लाइनीत करंट वाढला की पेन उजवीकडे सरकायचं, कमी झाला की डावीकडे. अक्कल तेवढीच, पण खोटं बोलता यायचं नाही त्याला. आमच्या सुपरिंटेंडंटला, हार्लन प्रुइटला, तेच खुपत होतं.

त्याआधीच्या रविवारी आमच्या लाइनमनने, एइनो माकीने, मला सांगून लाइन बंद करून घेतली आणि तो खांबावर चढला. थोड्या वेळाने प्रुइटचा घरून फोन. लाइनीबरोबर त्याच्या घरचीही वीज गेली होती आणि त्याला रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकायचा होता.

"टोइव्हो, लाइन चालू कर. तो केव्हाच उतरला असेल."

असेल म्हणे! एका सामन्यासाठी माणूस मारला त्या नालायकाने. आणि खटका ओढला कुणी? मी. साहेबाची मर्जी राखायला. थू!

त्या दिवसाचा कागद प्रुइटने शेगडीत घातला. वर रेकॉर्डर आधीपासूनच बंद होता असं दाखवायला मला तारा सोडायला लावल्या. मी त्या सोडल्या, घड्याळही थांबवलं. हो, तेही केलं.

अकराला ओकली नावाचा तो अधिकारी आला. बाहेर बर्फ पडत होतं. खोलीत कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंदला होता. एइनोची बायको लेम्पी कुणाचा तरी काळा कोट घालून भिंतीशी बसली होती. चूक एइनोची ठरली, तर कंपनीचं घर तिला सोडावं लागणार होतं.

"माकीने लाइन बंद करायला सांगितलंच नाही," प्रुइट म्हणाला. "तसाच चढला. आता मूर्खपणाला काय औषध, साहेब?"

काचेमागे टिक् झालं. पेन अर्ध्यापर्यंत सरकलं, परत आलं.

"स्प्रिंग सैल झालीय हो त्याची," प्रुइट घाईने म्हणाला.

ओकलीने मानसुद्धा वर केली नाही. छापील फॉर्म भरता आला की झालं, अशा जातीचा माणूस. त्याने मला विचारलं, "ड्यूटीवर तुम्ही होतात. माकीने सांगितलं होतं?"

लेम्पी माझ्याकडे बघत होती. "टोइव्हो... लहानपणापासून एका सौनात, एका वाफेत बसून न्हालोय रे आपण तिघं. खरं सांग."

मी प्रुइटच्या बुटांकडे पाहिलं. "नाही साहेब... नव्हतं सांगितलं."

पेन सरळ उजव्या टोकाला गेलं आणि तिथेच थरथरत राहिलं.

ओकलीने कागद गोळा केले. प्रुइटने माझ्या पाठीवर थोपटलं आणि मला बरं वाटलं. कुत्र्यालाही वाटतं तसं.

लेम्पी मात्र काचेकडेच बघत होती. "ते मागे येत नाहीये, टोइव्हो," ती हळूच म्हणाली. घराची किल्ली टेबलावर ठेवून ती बर्फात निघून गेली.

सगळे गेल्यावर मी काच उघडली आणि बोटाने पेन मागे ढकललं. ते हलेना. मी जोर लावला... तर पलीकडूनही कुणीतरी तेवढाच जोर लावला. शॉक खांद्यापर्यंत गेला. दोन्ही तारा माझ्यासमोर लोंबत होत्या.

ते घर नंतर प्रुइटने मला दिलं. मी घेतलं. नको म्हणायला लाज लागते, ती माझ्याकडे कुठली?

तेच हे घर. हा रॉकेलचा कंदील तुमच्यासमोरच पेटवला मी. विजेची तार खांबापासूनच तोडलीय, माझ्या हाताने. तो वरचा बल्ब सहा वर्षांत एकदाही लागलेला नाही... जरा उभे राहा. हात लावा त्याला. घाबरू नका, लावा...

गरम आहे ना?