मुर्गूच्या गळ्यातलं दांडकं

लाकडं सारा रे पोरांनो शेकोटीत. आणि कुत्र्यांच्या गळ्यातली दांडकी आधी काढा, अंधार पडलाय. विसरेल त्याला आज जेवण नाही.

पलीकडच्या कुरणावरचा मेंढपाळ साविन तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याच बाबतीत घडलेलं सांगतो. गेल्या ऑक्टोबरची पंचवीस तारीख, संत दुमित्रूच्या सणाची आदली रात्र. हंगामाचं शेवटचं चीज खेचरावर लादून तो आणि त्याचा मुकादम ग्रिगोरे जंगलातून गावाकडे निघाले होते. मालकाच्या घरी चीज पोचवायचं, एवढंच काम.

साविन वाटभर आतून नुसता पेटला होता. बाटलीने दूध पाजून वाढवलेला त्याचा कुत्रा मुर्गू आठवड्यापूर्वी अस्वलाने फाडला होता. कुत्र्यांनी हरणांमागे धावू नये म्हणून आपण दिवसा दांडकं अडकवतो आणि रात्री काढतो. त्या आळशी ग्रिगोरेला तेवढंही जड झालं. त्याने मुर्गूच्या गळ्यात ते तारेने कायमचं आवळून टाकलं. रात्री अस्वल आलं, मुर्गू त्याच्यावर धावला, दांडकं पुढच्या पायांत अडकलं आणि तो तोंडावर आपटला. अजून राग येतो मला.

"मालकाला काय सांगणार?" साविनने शेवटी विचारलं.

"काय सांगायचंय? भित्रं कुत्रं होतं, पळून गेलं."

"तो पळाला नाही, काका. तुम्ही मारलंत त्याला."

"तोंड सांभाळ, लेका. पुढच्या वर्षी काम हवंय ना?"

साविनची मूठ वळली. तेवढ्यात मागून आवाज आला. टक्... टक्. लाकूड गुडघ्यावर आपटावं तसा.

"कुणाचं कुत्रं सुटलंय रे?" ग्रिगोरेने विचारलं.

साविनने वळून पाहिलं. मागची वाट रिकामी होती.

टक्. जवळ.

खेचर थांबलं. पुढच्या वळणावर अस्वल उभं होतं.

"साविन..."

टक् टक् टक्. काहीतरी साविनच्या पायाला घासून पुढे गेलं. ओलं. केसाळ. मग गुरगुर. अस्वल मागे सरलं, फांद्या मोडत झाडीत गेलं.

शांत.

टक्... परत येत होतं. साविनपाशी थांबलं नाही.

ग्रिगोरे पळाला. पडला. उठला. पुन्हा पडला... पायांत काहीच नव्हतं.

गावात पोचल्यावर मालकाने दारातच विचारलं, "मुर्गू कुठाय?"

गळ्याशी हात नेत ग्रिगोरे म्हणाला, "मी मारला."

बरं झालं. मला त्याची कीव येत नाही. हल्ली तो भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावतो. तो ओढ्यावर तोंड धूत असताना एकदा मी पाहिलं. मानेभोवती तारेचा वळ आहे, आणि त्यातून अजून रक्त येतं.