सत्तेचाळीस नंबरची विहीर

लंकाबाई सदाफुले दारात उभी राहिली तेव्हा भिमाजी पठारे डायरीत एका हॉटेलाचं नाव लाल शाईनं लिहीत होता. आदल्या दिवशी तिथली मिसळ त्याला चांगलीच बाधली होती, त्याचा हा निवाडा. भिमाजीच्या डायरीत काळं म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बाद. मग ते हॉटेल असो, डॉक्टर असो, नाहीतर सख्खा मेहुणा. कारण तो कधी लिहीत नसे. "ज्याला कळायचं त्याला कळतं," असं म्हणून तो टोपण लावायचा.

नगरच्या सावेडीत जयमाला ठुबेचं हे दोन खोल्यांचं खासगी तपासाचं ऑफिस. भिमाजी जामखेडच्या माळरान पाणीपुरवठा संघात वीस वर्षं कारकून होता. निवृत्त झाल्यावर तो इथं कागद लावायला म्हणून आला आणि हळूहळू तपासालाही सोबत जाऊ लागला. डोकं जरा संथ, पण माणूस ओळखीपाळखीचा.

"दादा, तुमी संघात हुता म्हनून आले," लंकाबाई म्हणाली. खुर्चीच्या कडेवर ती टेकली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं.

तिचा नवरा श्रीमंत संघाच्या टँकरवर ड्रायव्हर, जानेवारीतच लागलेला. तेरा मेला सकाळी त्यानं सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीवर टँकर भरला आणि आपल्याच वस्तीच्या टाकीत रिकामा केला. दुपारपर्यंत सगळी वस्ती उलट्या करत होती. म्हातारे रंभाजी गेले. आणि गेली संस्कृती, लंकाबाईची सात वर्षांची लेक.

"सत्तेचाळीस?" भिमाजी ताडकन उठला. "अहो, ती तर बाद विहीर! तिच्यात फवारणीचे डबे धुतले होते कुणीतरी. माझ्या यादीत ढळढळीत होतं की ते!"

लंकाबाईनं मान खाली घातली. "समदे हेच म्हनत्यात. बापाला म्हाईत हुतं, बापानंच पोरीला इख पाजलं."

"श्रीमंत काय म्हणतो?" जयमालानं विचारलं.

"काय बी न्हाई. लॉकअपमंदी भिताडाकडं तोंड करून बसलाय."

"मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"त्यो सुटंल न सुटंल, ते ऱ्हाऊ द्या. पोर तर गेली. त्याला म्हाईत हुतं का, येवढंच सांगा. म्हाईत असून आळस केला आसंल, तर त्या मानसाला मी घरात कशी घिऊ?"

तिनं कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. टँकरमध्ये सापडलेली विहिरींची यादी. नंबर, नाव, खोली, अंतर. सत्तेचाळीसपुढं लिहिलं होतं, 'पांढरओढ्याची विहीर'. बस्स. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: १३ मे, सकाळी ७.१०.

जयमालानं तो कागद दोनदा वाचला आणि गाडीची किल्ली उचलली.

जामखेडच्या वाटेवर उन्हानं डांबर मऊ पडलं होतं. लंकाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. भिमाजीची मात्र टकळी चालू होती. "निवृत्त झालो तसे विसरले सगळे. कुत्रं विचारीना. एकदाच काय तो फोन आला, तोही ऐन दुपारच्या झोपेत. कुणी पोरगी होती, फायलीतलं काहीतरी विचारत होती. म्हटलं, वीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आता कशाला पुळका? दिला ठेवून."

जयमालानं गाडीचा वेग वाढवला.

पोलीस ठाण्यात श्रीमंत खरंच भिंतीकडं तोंड करून बसला होता. जयमालानं चार प्रश्न विचारले, तेव्हा कुठं एकाचं उत्तर आलं.

"रोजची हीर आटली हुती. यादी बगितली. जवळची घेतली." मग भिंतीला नख लावत तो म्हणाला, "टाकीवर पयला तांब्या पोरीनंच भरला. मीच म्हनलं, पी."

भिमाजीला त्याची कीव आली आणि रागही आला. ढळढळीत असलेलं माणसाला दिसू नये म्हणजे काय!

संघाचे सचिव सूर्यभान मुरूमकर एसीच्या खोलीत बसले होते. "बाई, वाईट झालं. पण संघाची चूक नाही. हे बघा." त्यांनी स्क्रीन वळवला. यादीत नावाच्या रकान्यात सरळ लिहिलेलं होतं, 'पांढरओढ्याची विहीर पिण्यास अयोग्य'. "पहिल्यापासून आहे हे. वाचता येत असून वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार? भर मे महिन्यात विहिरीला एवढं पाणी, तिथंच शंका यायला पाहिजे होती."

"ड्रायव्हरच्या कागदावर हे शब्द नाहीत."

"कागद जुना असेल. नव्या कॉम्प्युटर पद्धतीतलं ते टॅगबिग मला काही कळत नाही. सगळं पूजा बघते. पासवर्ड तेवढा आम्हा दोघांकडं."

"जुने कागद कुठं आहेत?"

"रद्दीत! जानेवारीतच. जुनी फाइलही पुसून टाकली. आता सगळं एकाच ठिकाणी. आख्ख्या तालुक्यात आम्ही पहिले," सचिव म्हणाले. छाती जरा पुढं आलीच.

पूजा शेळके पलीकडच्या खोलीत होती. वय पंचविशीचं, डोळे रडून सुजलेले. भिमाजीकडं तिनं एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"पूर्वी साधी टाइप केलेली फाइल होती," ती सांगू लागली. "तिच्यात अक्षर कसं दिसावं, एवढंच असायचं. नव्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तसं. हे विहिरीचं नाव, ही खोली, हे अंतर. त्या चिठ्ठ्या म्हणजे टॅग. माहिती एकदाच लिहायची. मग वेबसाइट, ऑफिसातला स्क्रीन, ड्रायव्हरचा कागद, सगळं त्याच एका फायलीतून निघतं. खाली तारीख आणि वेळही आपोआप पडते."

"आणि जुन्या फायलीतलं बाकीचं?"

"ठळक, तिरकं, रंगीत, बरंच काही होतं. त्याचा अर्थ कुठंच लिहिलेला नव्हता. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, सजावट आहे ती, गाळून टाक."

"सजावट!" भिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वीस वर्षं राबलो, आणि म्हणे सजावट!"

"शेऱ्याची चिठ्ठी आहे का तुमच्याकडं?" जयमालानं शांतपणे विचारलं.

"नाही. विहिरीला शेरा असतो हे कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत जागा केली असती."

"तेरा तारखेला तुम्ही कुठं होता?"

"श्रीगोंद्याला, बहिणीच्या साखरपुड्याला. सोळाला परत आले. आले तर..." तिनं पुन्हा डोळे पुसले.

बाहेर टपरीवर चहा आला. लंकाबाईनं चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. जयमालानं मोबाईलवर संघाची यादी उघडली आणि भिमाजीच्या हातात दिली. "काका, तुमच्याच विहिरी आहेत. जरा नजर फिरवा."

भिमाजी खुलला. बोटानं यादी सरकवत तो एकेका विहिरीची कुळकथा सांगू लागला. "ही बारा, गोड पाणी. ही एकोणीस, ही बाद. हिच्या पाण्यानं माणूस लगेच मरत नाही, पण वर्षा-दोन वर्षांत हाडं वाकतात."

जयमालाचा कप ओठाशीच थांबला. "एकोणीसपुढं इथं काहीच लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना माहीत आहे."

"बाद विहिरी मग यादीत ठेवल्याच का?"

"न ठेवून कसं चालेल? पुढचा साहेब पुन्हा तीच विहीर नव्यानं नोंदवायचा!"

"अशा किती आहेत काका?"

"सात."

जयमालाचा चेहरा उतरला. एवढी वर्षं ती भिमाजीवर खेकसायची, थट्टा करायची. पण अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. तिनं फौजदारांना फोन लावला आणि सगळ्यांना सचिवांच्या खोलीत बोलावलं.

खोलीत सचिव, पूजा, फौजदार आणि दाराशी लंकाबाई. भिमाजी नेहमीसारखा डायरी उघडून कोपऱ्यात बसला.

"सुरुवात या कागदापासून," जयमाला म्हणाली. "खाली तेरा मे, सकाळी सात दहा. तारीख नवीच पद्धत छापते, म्हणजे कागद जुना नाही. कागद आणि स्क्रीन एकाच फायलीतून निघतात. 'पिण्यास अयोग्य' हे शब्द पहिल्यापासून असते तर कागदावरही उमटले असते. ते उमटले नाहीत. म्हणजे सात दहानंतर कुणीतरी ते घातले."

"ड्रायव्हरनं कागदावरचे शब्द खोडले असतील," सचिव म्हणाले.

"खाडाखोड आहे का, तुम्हीच बघा. नाही ना? आता शब्द कुठं घातलेत ते पाहू. विहिरीच्या नावात! पूजानं ते लिहायचे ठरवले असते तर शेऱ्याची नवी चिठ्ठी केली असती. मिठाच्या डब्यात हळद ती कशाला ओतेल? हे काम टॅगमधलं काही न कळणाऱ्याचं, पण पासवर्ड असलेल्याचं. पासवर्ड दोघांकडं. तेराच्या संध्याकाळी फौजदारांना हे शब्द दाखवले, तेव्हा त्यातली एक श्रीगोंद्यात होती."

सूर्यभान मुरूमकरांच्या कपाळावर एसीतही घाम आला.

"तिसरी गोष्ट. बाद विहिरी एक नाही, सात आहेत. शेरा फक्त एकीवर, जिच्यामुळं माणसं मेली तिच्यावर. माणसं वाचवायची असती तर सातही विहिरींचा शोध घेतला असता. तुम्ही स्वतःला वाचवलंत, साहेब."

सचिवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दोनच वर्षं राहिलीत हो माझ्या निवृत्तीला," ते पुटपुटले. मग एकदम उसळून म्हणाले, "शब्द घातले मी, कबूल! पण मुळात फायलीत लिहिलेलं काहीच नव्हतं! फौजदारसाहेब, एक अक्षर नव्हतं! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"हे मात्र खरं आहे," जयमाला हळू आवाजात म्हणाली. ती भिमाजीकडं वळली. "काका, माझ्या ऑफिसात तुम्ही म्हणालात, यादीत ढळढळीत होतं. सत्तेचाळीसपुढं तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं?"

"लिहिलं म्हणजे..." भिमाजीनं डायरीकडं पाहिलं. पान उघडंच होतं. त्यावर ते हॉटेलाचं नाव होतं. "लाल केली होती."

फौजदारांनी पुढं वाकून डायरीतलं ते लाल नाव पाहिलं.

"नव्या फायलीत रंगाला जागा नसते, अर्थाला असते," जयमाला म्हणाली. "आणि अर्थ फक्त तुमच्या डोक्यात होता. पूजा, तू आणखी कुणाला विचारलं होतंस?"

पूजाला हुंदका आवरेना. "फायलीवर पठारेकाकांचं नाव होतं. मी फोन केला होता. लाल अक्षरांचा अर्थ काय, एवढंच विचारायचं होतं. काका म्हणाले, ज्याला कळायचं त्याला कळतं."

भिमाजीच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. वर बघायची त्याला छाती होईना.

"मंग त्याला म्हाईत नव्हतं," लंकाबाई दारातून म्हणाली.

"नव्हतं, बाई. यादीनं जे सांगितलं ते त्यानं केलं."

लंकाबाई उंबऱ्यावरच बसली आणि पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं रडली. फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. श्रीमंत सुटेल, असं ते म्हणाले. सुटून घरी जाईल, त्याच टाकीपाशी, हे कुणी बोललं नाही.

"बाकीच्या सहा सांगा काका," जयमाला म्हणाली. "आत्ता. पूजा चिठ्ठी करतेय."

भिमाजी उठून स्क्रीनपाशी गेला. "एकोणीस," तो म्हणाला. पूजानं टाइप केलं. "तेवीस. त्रेसष्ट. सत्तर. एक्क्याण्णव." तो थांबला. त्यानं बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"सत्तेचाळीस धरून सहा झाल्या," पूजा म्हणाली. "सातवी?"

भिमाजीनं डोळे मिटले. जुनी फाइल समोर आली, सातवी लाल ओळही दिसली, पण नंबर दिसेना. एकशे बारा विहिरी. कागद रद्दीत, फाइल पुसलेली. जुने ड्रायव्हरही लाल बघूनच विहीर टाळायचे, नंबर कुणालाच पाठ नव्हते. लाल केली की लक्षात ठेवायचं कारण नाही, म्हणून तर लाल केली होती.

"सगळ्या विहिरींचं पाणी तपासून घ्या," फौजदार म्हणाले.

"महिना लागेल," सचिव खाली बघतच बोलले. "आणि रोजच्या विहिरी आटल्यात, टँकर थांबवले तर तीन दिवसांत लोक तहानेनं मरतील."

बाहेर आवारात एक टँकर सुरू झाला. लंकाबाई भिमाजीजवळ येऊन उभी राहिली. ती शिव्या देईल, असं त्याला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"दादा, उद्याच्याला आमच्या वस्तीला कंच्या हिरीचं पानी यायचंय?"

पूजानं यादीत पाहिलं. "अठ्ठावन्न."

सगळे भिमाजीकडं बघू लागले.

"अठ्ठावन्न," भिमाजी स्वतःशीच म्हणाला. तो आठवत राहिला, आणि त्याला काही केल्या आठवेना.