दुपारी लागणारा ब्रेक

शाळेची पिवळी व्हॅन दुर्गाबाईंच्या पेरूच्या गाड्यावर चढली, तेव्हा वडीगोद्रीत अजून शेकोट्या विझल्या नव्हत्या. नशीब, व्हॅनमध्ये मुलं नव्हती. पहिलं मूल पुढच्या वस्तीवर चढणार होतं. दुर्गाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. ड्रायव्हर कल्याणला लोकांनी आधी मारलं आणि मग दारूचा वास येतो का ते हुंगून पाहिलं. वास आला नाही, म्हणून पुन्हा मारलं.

फौजदार प्रियदर्शनी कोठडीत त्याच्यासमोर बसली. कल्याणचा ओठ फाटला होता.

"ब्रेक दाबला होतास?"

"दोन्ही पायांनी, मॅडम. दगडावर पाय ठेवल्यावानी. खाली जाईच न्हाई."

"आधी कधी असं झालं?"

"आठवडा झाला. रोज सकाळी कडक. ऊन चढलं की बराबर लागतो. आमच्या संस्थाचालक काकासाहेबांना रोज सांगून राह्यलो. ते म्हणले, थंडीनं तुझेच पाय आखडले."

"गाडीचं काही काम केलं होतं?"

"ब्रेक ऑइल कमी झाल्तं, मी मागितलं. मागच्या रविवारी सासरवाडीला केदारखेड्याला गेल्तो. आलो तर काका म्हणले, टाकून घेतलं." तो थांबला. "मॅडम, लायसन गेलं तर मला दुसरं काही येत न्हाई. उद्या कोर्टात काय सांगू?"

"जे मला सांगितलंस तेच."

"तुम्हाला तरी खरं वाटलं का?"

प्रियदर्शनीने वही मिटली. तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

व्हॅन ठाण्यात आणायची पद्धत आहे. पण ठाण्याच्या आवारात वाळूचे जप्त ट्रक इतके उभे होते, की फौजदाराची स्वतःची जीपच रस्त्यावर झोपत असे. म्हणून व्हॅन ढकलत शाळेतच नेली होती. मोटार वाहन निरीक्षकांना काकासाहेबांनी स्वतः फोन करून दुपारची वेळ दिली. सकाळी प्रार्थना असते म्हणे.

व्हॅन कडुनिंबाच्या गार सावलीत उभी होती. निरीक्षक यायच्या आधी प्रियदर्शनीने सहज बॉनेटवर हात टेकला आणि चटकन उचलला.

"गाडी कुणी चालू केली होती?"

"कोणीच न्हाई," काकासाहेब म्हणाले. "अपघात झाल्यापासून किल्ली माझ्या खिशात आहे." आणि त्यांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचा खिसा थोपटून दाखवला.

निरीक्षकांनी ब्रेक ऑइलची डबी बाहेरून पाहिली, भरलेली दिसली. मैदानात दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबला. व्हॅन राष्ट्रगीताला उभी राहावी तशी जागच्या जागी उभी राहिली. निरीक्षकांनी शेरा मारला: चालकाचा निष्काळजीपणा.

"मी म्हणलो न्हवतो?" काकासाहेब हळहळले. "पोरासारखा सांभाळला त्याला. चला, चहा घ्या."

कार्यालयाच्या चारही भिंतींवर काकासाहेब फिती कापत होते. गाडीचे कागद काढायला शाळेचा शिपाई कपाटाच्या कुलपाशी झटापट करत होता.

"सकाळी तर हलतच न्हाई हे," तो पुटपुटला. "आता जरा सैल झालंय."

"तेल घाला की," प्रियदर्शनी म्हणाली.

"तेलाला आमच्याकडं कमी न्हाई!" काकासाहेब खुलले. "संस्थेत कार्यक्रम फार. उद्घाटनाचे नारळ आम्ही वाया घालवत न्हाई. खोबरं वाळवायचं, घाण्यावर तेल काढायचं. वसतिगृहातल्या पोरींचं डोकं, दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, समदं त्याच्यावर. बाजारातल्या केमिकलचा थेंब न्हाई या आवारात. बिलकुल शुद्ध!"

प्रियदर्शनीने चहाचा कप खाली ठेवला. तिला एकाएकी इतका राग आला, की कप बशीवर वाजला.

"व्हॅन रात्रभर इथंच राहील. माझा शिपाई पहाऱ्याला बसेल. किल्ली द्या."

"कशाला? तपासणी झाली ना?"

"माझी नाही झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. मफलरात गुंडाळलेले निरीक्षक कुरकुरत आले. कल्याणला जीपमधून आणलं. काकासाहेब शाल पांघरून आले होते, तरी कापत होते.

"इंजिन चालू करा आणि ब्रेक दाबा," प्रियदर्शनी निरीक्षकांना म्हणाली.

निरीक्षकांनी दाबला. मग जोर लावून दाबला. मग खाली उतरून स्वतःच्या बुटाकडे पाहिलं.

"इंजिन बंद करा. आता बॉनेट उघडा. डबीचं झाकणही."

आत पांढरंफेक होतं. प्रियदर्शनीने चहावाल्याकडून चमचा मागवून घेतला आणि डबीत खोचला. चमचा उभा राहिला.

"खोबरेल," निरीक्षक खोल आवाजात म्हणाले.

"उद्घाटनाचं. बिलकुल शुद्ध," ती काकासाहेबांकडे वळून म्हणाली. "ऑइल गळून गळून डबी रिकामी झाली होती. कल्याणनं ब्रेक ऑइल मागितलं, तुम्ही घरचं तेल ओतलं. दर सकाळी ते आतपर्यंत थिजायचं, ब्रेक दगड व्हायचा. ऊन आणि इंजिन तापलं की वितळायचं. तुमच्या कपाटाचं कुलूपही त्याच वेळापत्रकानं उघडतं. म्हणून दुपारच्या तपासणीत ड्रायव्हर खोटा ठरला."

"मला काय माहीत, मॅडम? चूक झाली! तेल ते तेल, असं वाटलं."

"रविवारी माहीत नसेल. काल माहीत होतं. सावलीतल्या गाडीचं बॉनेट पोळत होतं आणि किल्ली तुमच्या खिशात होती. निरीक्षक यायच्या आधी इंजिन तुम्हीच तापवलंत. वेळही दुपारची तुम्हीच ठरवलीत. म्हातारी ऑपरेशनच्या टेबलावर होती, हा पोरगा कोठडीत मार खाऊन पडला होता, आणि तुम्ही इथं तेल वितळवत बसला होतात!" शेवटी शेवटी तिचा आवाज शाळेच्या भिंतीवर आदळून परत आला. प्रार्थनेला जमलेली पोरं गप्प झाली.

काकासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. निरीक्षक आपला शेरा खोडण्यात गर्क होते. मग काकासाहेब कल्याणकडे वळले.

"कल्याण, तू तरी सांग यांना. मी तुला पोरासारखा..."

पोलीस शिपायाने कल्याणच्या बेड्या काढल्या. त्याने मनगटं चोळली आणि आधी प्रियदर्शनीला विचारलं, "दुर्गाबाई?"

"शुद्धीवर आल्या. गाड्याची चौकशी करून राह्यल्या."

त्याने मान हलवली. मग तो काकासाहेबांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"काका, आठवडाभर मी सांगून राह्यलो," तो म्हणाला. "आता तुम्ही बोला. मॅडम लिहून घेतील."