कारकुनाचे न उघडलेले मेल

बसा जरा जवळ. दिवा राहू दे तसाच. माझ्या ओळखीचा एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता, त्याच्यावर गुदरलेलं सांगतो. खिशात कायम दोनचार स्क्रू, म्हणून सगळे त्याला स्क्रूच म्हणायचे. बायको म्हणायची, त्यातला एक ढिला आहे.

शनिवार होता. रात्रीचे नऊ वाजलेले. एका गोदामाच्या मालकाचा फोन आला. मेल येईनात की जाईनात, डिस्क तुडुंब भरलीय, सोमवारी माल सुटायचाय, आजच्या आज बघ. स्क्रूच्या बायकोचे दिवस भरलेले, घरात दुसरं कुणी नाही. ती म्हणाली, "जा, पण लगेच ये. आज माझं काही खरं नाही."

"गेलो आणि आलो," म्हणाला.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत. खिडकी नाही, दार एकच. दार आपटलं की बाहेरची सैल कडी आपोआप पडायची, म्हणून तिथली माणसं दारात वीट ठेवायची. मधोमध लाकडी टेबल, दोन्ही अंगांनी माणूस सहज जाईल असं. मालकाने सांगितलं, जुने मेल उडव, वाचत बसू नकोस. खोलीत पाऊलही न टाकता तो निघून गेला.

स्क्रू तसाही कुणाचे मेल वाचायचा नाही. त्या धंद्यात ती रीतच. नुसता आकार बघायचा, जाड असेल ते आधी काढायचं. सगळ्यांत जाड निघाले ते इथल्याच कारकुनाचे. तो कारकून दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवसांत कामावरच वारला, हृदय बंद पडलं म्हणे, एवढंच स्क्रूने ऐकलेलं. सगळे मेल एकाच रात्रीचे, ऑफिसलाच पाठवलेले. प्रत्येकाला फोटो जोडलेला. एकही कुणी उघडलेला नाही. स्क्रूने ते उचलले आणि मेलच्या कचरापेटीत टाकले.

पण मेल टाकला म्हणून जागा सुटत नाही, पोरांनो. मला ओ की ठो कळत नाही, त्याने समजावलं तसं सांगतो. कपाटातून कपडे काढले तरी मधे भोकं राहतात. उरलेलं दाबून एका कडेला सारावं लागतं, तेव्हा कुठे जागा होते. एकेक खण असा दाबायचा. कचरापेटी सगळ्यांत शेवटी.

दाबणं सुरू करून तो पाणी प्यायला बाहेर गेला. परत आत येताना विटेला पाय लागला. दार आपटलं.

कडी पडली.

हाका मारल्या. गोदाम रिकामं. फोनला रेंज नाही. म्हटलं, बायकोला मेल करू. लिहिला, पण जाईना. डिस्क भरलेली ना. थोडी जागा झाली की जाईल, म्हणून दाबत बसला.

पहिला खण झाला. खुर्ची मागे सारली, ती भिंतीला लागली. मघाशी लागत नव्हती.

दुसरा झाला. टेबलाच्या बाजूने जायला अंग तिरपं करावं लागलं...

तिसरा. भिंत खांद्याला टेकली. गार.

मेल अजून जाईना. जागा करावी तर भिंत पुढे येते. न करावी तर निरोप जात नाही. आणि घरी ती एकटी.

आता कचरापेटीच दाबायची उरलेली. बोट बटणावर ठेवलं. आणि मागे... कुणीतरी श्वास घेतला.

वळायला जागा नव्हती.

काय सुचलं देव जाणे. बोट काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा मेल उघडला. फोटो याच दाराचा. आतून काढलेला. खाली एक ओळ. कडी पडली आहे, कुणीतरी या.

दुसरा उघडला. तेच दार. कुणीतरी या.

तिसरा...

एकेक करून सगळे पेटीतून बाहेर काढले. एकेक वाचला. मोठ्याने. शेवटच्यात ओळ नव्हती. फोटो नुसत्या काळोखाचा.

"वाचले, काका," तो म्हणाला. "सगळे वाचले."

...

बाहेर कडी वर सरकली.

धावत घरी गेला. पहाटे मुलगी झाली. ते मेल त्याने पुसले नाहीत, आणि मालकानेही पुन्हा पुसायला सांगितलं नाही.

पुढे ती खोली रिकामी करायची ठरली. चौघांनी टेबल ओढलं, हललं नाही. मी स्वतः गेलो होतो बघायला. दोन्ही टोकं दोन भिंतींत रुतलेली, फळी मधून फुगून वर आलेली. बोट घालायलाही फट नाही. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने दोन्ही टोकांवरून हात फिरवला. मग मालकाला म्हणाला, "भिंती टेबलाभोवती बांधल्यात का हो?"

मालक दाराच्या बाहेरच उभा होता. विटेवर पाय ठेवून.