मोरीतल्या केसांचा मुखवटा

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. आणि घडलं ते रात्री-बिरात्री नाही. गुरुवारी दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. नाटकांसाठी सोंगांचं सामान घरच्या घरी करून देते. अंड्यांच्या ट्रेचं चिलखत, बाटलीच्या बुचांचे दागिने, पुठ्ठ्याच्या तलवारी. तिला कचरा दिसतच नाही, सगळीकडे सामानच दिसतं. भावजी म्हणायचे, जेवण लवकर उरका, नाहीतर ताटाची ढाल होईल.

तिची मुलगी चिऊ, नऊ वर्षांची. बोलताना अडखळायची. पहिलंच अक्षर अडून बसायचं, मग डोळे पाण्याने भरायचे. वर्गातली मुलं नक्कल करायची, म्हणून शाळेत ती तोंडच उघडत नसे. पण ताईच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तोंडासमोर उशी धरली की चिऊ बरीच सरळ बोलायची.

म्हणून ताईने बाईंच्या मागे लागून शाळेच्या नाटकातलं म्हातारीचं काम चिऊसाठी मागून घेतलं. पूर्ण चेहरा झाकेल असा मुखवटा मी करते, म्हणाली. पोरगी एकदा चारचौघांत बोलली की तिची भीती मोडेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

प्रयोग शुक्रवारी होता.

सोमवारी तिने मुखवट्याच्या साच्यासाठी फुगा फुगवला. कणकेची खळ शिजवली, रद्दी फाडली आणि थरावर थर चिकटवले. नाक झालं, हनुवटी झाली. राहिले फक्त केस.

त्याच दिवशी मोरी तुंबली.

प्लंबर आला. जाळी काढून त्याने तारेचा आकडा आत घातला आणि ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय… बाहेर आली केसांची वेणीएवढी जाड दोरी. पांढरे-करडे, हातभर लांब, साबणाच्या मळाने बुळबुळीत झालेले केस. वास असा की प्लंबरनेसुद्धा तोंड फिरवलं.

"ताई, घरात कोणी म्हातारं माणूस आहे का?" त्याने विचारलं.

कोणी नव्हतं. ताईचे केस मानेपर्यंत, चिऊचा बॉबकट, आणि भावजींचं टक्कल तर लांबूनच चमकतं. आधीच्या भाडेकरूंचे असतील, असं म्हणून त्याने तो गोळा कचऱ्यात टाकला.

प्लंबर गेल्यावर ताईने तो गोळा बाहेर काढला.

हे सांगताना ती स्वतःच शहारली. पण तेव्हा तिला नुसते केस दिसले. खऱ्या म्हातारीचे खरे केस! नायलॉनच्या दोऱ्यात ती गंमत कुठे? तिने हातमोजे घातले, ते केस गरम पाण्यात, शाम्पूत, पुन्हा गरम पाण्यात धुतले, वाळवले, विंचरले. छान खांद्यापर्यंत कापले आणि मुखवट्याला चिकटवले.

मंगळवारी मुखवटा ओला होता. त्यात विशेष काही नाही, खळ वाळायला वेळ लागतोच.

बुधवारीही ओलाच. दिवसभर पंखा चालू होता. शेजारी ठेवलेली पुठ्ठ्याची काठी कडक वाळली, पण मुखवट्याच्या गालावर बोट ठेवलं की आत रुतायचं. आंबलेल्या कणकेचा वास सुटला होता. आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक वास… मोरीचा.

कागदकामाचा एक नियम ताई सगळ्यांना शिकवते. आतून वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही. ओल आत कोंडली की सगळं कुजतं. गुरुवारी सकाळी तिने स्वतःच तो नियम मोडला. प्रयोगाला एक दिवस उरला होता. ओल्यावरच तिने झटपट वाळणाऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले.

दुपारी तीनला चिऊने तो मुखवटा चढवला.

"कोण आलंय दारात? या म्हातारीच्या घरी इतक्या वर्षांनी कोण आलंय?"

एका दमात. एकही अक्षर अडलं नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. चिऊ पुढचं वाक्य बोलली, त्याच्या पुढचं बोलली. सगळं घडाघडा. ताईने टाळ्या वाजवल्या आणि आता काढ म्हणाली.

चिऊने मुखवटा काढला नाही.

"किती दिवस खाली पडून होते मी," ती म्हणाली. "कोणी हात लावेना. तू धुतलंस मला."

हे नाटकात नव्हतं.

मग ताईचं लक्ष केसांकडे गेलं. खांद्यापर्यंत कापलेले केस… चिऊच्या कमरेपर्यंत आले होते. टोकांवरून पाणी ठिबकत होतं. करडं, साबणाचं पाणी.

ताईने झडप घालून मुखवटा ओढला. तो सोलावा लागला. आतली खळ पांढऱ्या शेंबडासारखी चिऊच्या चेहऱ्याला चिकटून तार धरत होती. पोरगी शांत उभी होती. तोंड किंचित उघडं, आणि ओठांतून एक केस बाहेर आलेला.

ताईने तो चिमटीत धरून ओढला.

तो येतच राहिला.

त्याच्यामागून दुसरा, मग झुपका. ताई ओढत होती आणि चिऊचा गळा आतून हलताना तिला दिसत होता. शेवटी मळाचा एक काळपट गोळा जिभेवर आला… आणि फरशीवर पडला. ताई तिथेच भडाभडा ओकली.

चिऊने तोंड पुसलं. "काय गं आई, काय झालं?" तिने सहज विचारलं.

मुखवटा त्याच संध्याकाळी जाळला. ओला असल्याने तो जळायला दोन तास लागले. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. घरमालकीण म्हणाली, तुमच्या आधी नोकरी करणारी दोन पोरं राहायची, म्हातारी कुठली?

शुक्रवारी ताई चिऊला पाठवणार नव्हती, पण चिऊ हटूनच बसली. मुखवट्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने स्टेजवर उभी राहून तिने सगळं काम केलं. बाई रडल्या. भावजी अजून सगळ्यांना पेढ्यांसारखी ती बातमी वाटत असतात. तेव्हापासून चिऊ एकदाही अडखळलेली नाही.

घर बदललं, त्याला आता दोन वर्षं झाली. चिऊ हुशार आहे, गोड बोलते. पण तिने गळ्यात हात टाकले की ताईला मळमळतं. तिचं उष्टं ती खाऊ शकत नाही. पोटच्या पोरीची किळस येते हे कोणाला सांगायचं, असं म्हणून ताई माझ्यासमोर रडली.

मी समजूत घातली, की पोर बरी झाली, देवाचे आभार मान.

ताईने नकारार्थी मान हलवली. सुट्टीच्या दिवशी चिऊ दुपारी झोपते, तेव्हा ताई तिच्या उशाशी जाऊन बसते. कधीकधी झोपेत चिऊचे ओठ हलतात. आवाज अगदी बारीक, कुठूनतरी खालून आल्यासारखा.

"आ… आ… आ… आई."

ताई उत्तर देते, केसांवरून हात फिरवते. पण तिला उठवत नाही. उठवलं की दुसरीच डोळे उघडते.